बुधवारच्या दोन फायनल, आणि तुलूझचा आल्फ्रेद नाकाश

सातवी_लेन
३ ऑगस्ट २०२४, दुपारी १:१२

बुधवारी रात्री घर झोपल्यावर टीव्हीचा आवाज शून्यावर नेऊन बसले होते. बारा वाजून गेल्यावर पॅरिसला २०० मीटर बटरफ्लायची फायनल झाली. दीडशे मीटरपर्यंत हंगेरीचा क्रिस्तोफ मिलाक पुढे होता. शेवटच्या पन्नासात लेओं मार्शांने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. १:५१.२१. मग दोनच्या सुमारास २०० ब्रेस्टस्ट्रोकची फायनल. पुन्हा तोच पहिला, २:०५.८५. दोन्ही वेळा ऑलिंपिक विक्रम. मधे दोन तासही नव्हते, आणि त्यातच एक पदक समारंभ उरकलेला. (गुरुवारी दुपारी आपल्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य आलं. त्या दिवशी ऑफिसात मी काय उजेड पाडला असेल ते विचारू नका.)

मी स्वतः ब्रेस्टवाली. कॉलेजात असताना आमच्याकडे फ्लाय मारणारी मुलं वेगळीच जमात समजली जायची. फ्लायला खांदे आणि कंबर लागते, ब्रेस्टला गुडघे आणि मांड्यांची आतली बाजू. एक पोहून आलेलं शरीर दुसऱ्यासाठी तयार असेलच असं नाही, आणि टायमिंगचा ताल तर पूर्ण वेगळा. म्हणून झोप उडाली आणि मार्शांबद्दल वाचत बसले. तुलूझचा मुलगा. आई-बाप दोघेही ऑलिंपिक जलतरणपटू. क्लब 'दोफँ द्यु तोएक', म्हणजे तोएकचे डॉल्फिन. या क्लबचा इतिहास उघडला तेव्हा आल्फ्रेद नाकाश हे नाव पहिल्यांदा वाचलं. इतकी वर्षं पोहण्यात घालवूनही हे नाव माहीत नव्हतं याची लाज वाटली, म्हणून हा धागा.

जन्म १८ नोव्हेंबर १९१५, अल्जीरियातल्या कोन्स्तांतीन गावी, ज्यू कुटुंबात. लहानपणी त्याला पाण्याची भीती वाटायची. तशी पुष्कळांना वाटते. याची मोडली ती गावाखालच्या दरीतल्या सिदी म्सिदच्या तलावावर. पुढे तो पॅरिसला आला, रेसिंग क्लबकडून पोहू लागला. तेव्हा फ्रान्सचा हिरो होता जां तारिस, ज्याचं १९३२ चं ऑलिंपिक सुवर्ण एक दशांश सेकंदाने हुकलं होतं. १९३६ मध्ये हे दोघे ४x२०० फ्रीस्टाइल रिलेत एकत्र पोहले. गाव बर्लिन, प्रेक्षकांत नाझी पुढारी, संघात एक ज्यू. फ्रान्स चौथा आला. यजमान जर्मनी पाचवा.

आता इथे जरा थांबते, कारण पोहणाऱ्यांसाठी गंमत इथे आहे. त्या काळात बटरफ्लाय नावाची स्वतंत्र शर्यत नव्हती. ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात होतं की दोन्ही हात एकदम हलले पाहिजेत, पाय बेडकासारखे, आणि शरीर पालथं. हात पुढे नेताना पाण्याखालूनच न्या असं कुठे म्हटलेलंच नव्हतं. काही हुशार मंडळींनी हात पाण्यावरून फेकायला सुरुवात केली, पाय मात्र बेडकाचेच ठेवले. नाकाश त्यातला उस्ताद. छाती रुंद, खांदे दणकट, त्याला हा प्रकार मानवला. ६ जुलै १९४१ ला मार्सेयला त्याने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक २:३६.८ मध्ये पोहून जागतिक विक्रम केला, तो अशा फुलपाखरी हातांनी. दोन प्रकार वेगळे झाले १९५२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय आली १९५६ ला मेलबर्नला.

म्हणजे बुधवारी रात्री मार्शांने जी दोन सुवर्णं घेतली, ती नाकाशच्या काळात एकच शर्यत होती. आणि दोघांचा क्लब एक. हे वाचून मी उठून पाणी प्यायले.

पण ती तारीख परत बघा. जुलै १९४१. फ्रान्स हरलेला, अर्धा जर्मनांच्या ताब्यात, उरलेल्यावर जर्मनांशी हातमिळवणी केलेलं व्हिशी सरकार. १८७० च्या क्रेमिय हुकुमाने अल्जीरियातल्या ज्यूंना फ्रेंच नागरिकत्व मिळालं होतं. व्हिशी सरकारने ते ७ ऑक्टोबर १९४० ला काढून घेतलं. नाकाश पॅरिसला शारीरिक शिक्षणाचा मास्तर होता, ज्यूंविरुद्धच्या कायद्याने ती नोकरीही गेली. बायको पोलला घेऊन तो तुलूझला आला, तोएकमध्ये आल्बां मँव्हील या प्रशिक्षकाच्या हाताखाली पोहू लागला. ज्या देशाने नागरिकत्व काढून घेतलं, त्याच देशाच्या नावावर त्याचा विक्रम लागला!

१९४३ ला राष्ट्रीय स्पर्धा तुलूझलाच होत्या आणि त्याला त्यात उतरायची बंदी झाली. तोएकचे पोहणारे म्हणाले, आल्फ्रेद नाही तर आम्हीही नाही. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि यजमान क्लबची मुलं पाण्याबाहेर.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला पकडलं. सोबत पोल आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी आनी. २० जानेवारी १९४४ ला पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीहून निघालेल्या ६६ व्या गाडीने तिघांना आउशवित्झला नेलं. पोल आणि आनीला पोचल्याबरोबर गॅसकोठडीत पाठवलं. त्याला कामासाठी आउशवित्झचाच भाग असलेल्या मोनोवित्झच्या छावणीत ठेवलं.

मला राहून राहून एकच गोष्ट टोचतेय. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम १९४६ पर्यंत त्याच्या नावावर होता. म्हणजे छावणीत हातावर आकडा गोंदवलेला तो कैदी त्या दिवशीही जगातला सगळ्यात वेगवान होता.

पुढचं रात्री लिहिते. स्वयंपाक व्हायचाय.

ठोंब्या
३ ऑगस्ट, १:४०

ताई, असल्या ठिकाणी आणून सोडतात होय? स्वयंपाक होऊ द्या, पण या परत. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

मृद्गंधा
३ ऑगस्ट, २:०५

वाचतेय. दोन वर्षांची मुलगी इथे आल्यावर पुढच्या ओळी दोनदा वाचाव्या लागल्या, डोक्यात शिरतच नव्हत्या.

भीती मोडण्याबद्दल: आमच्या आजोळी मामा मुलांना पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकलायचे. तिसऱ्या दिवशी बिंडा सोडायचा. माझा धाकटा आठ वर्षांचा आहे, रोज शॉवरखाली अर्धा तास रमतो आणि तलावाच्या काठावर आला की पाय रोवतो. कोच म्हणतात थांबा. थांबलोय.

आकडेमोड
३ ऑगस्ट, ३:३१

लेख उत्तम. दोन पुरवण्या.

१. २:३६.८ आणि २:०५.८५ शेजारी ठेवून "एकतीस सेकंदांचा फरक" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, तुलना सरळ नाही. १९५७ पर्यंत लहान तलावांतले विक्रमही जागतिक यादीत धरायचे, ५० मीटरची सक्ती त्यानंतरची. डोळ्यांवर गॉगल नाहीत, लेन वेगळ्या करणाऱ्या दोऱ्या लाटा न मोडणाऱ्या, पोशाख विणलेला. शिवाय हात फुलपाखराचे आणि पाय बेडकाचे हे मिश्रण भयंकर दमवतं. अनेक जण शर्यतीचा काहीच भाग असा पोहायचे, बाकीचा साधा ब्रेस्ट.

२. पॅरिसची स्पर्धा ज्या बंदिस्त मैदानात तलाव बसवून झाली, तिथे एरवी रेसिंग ९२ हा रग्बी संघ खेळतो. त्या संघाचं मूळ म्हणजे रेसिंग क्लब दे फ्रान्स, नाकाश पॅरिसमध्ये ज्याच्याकडून पोहला तोच क्लब. म्हणजे मार्शां नाकाशच्या दुसऱ्या क्लबचा पोहणारा आणि पहिल्या क्लबच्या रग्बीवाल्यांच्या घरात जिंकला.

ठोंब्या
३ ऑगस्ट, ३:४८

आकडेमोड साहेब, तुम्ही लग्नात जेवणाच्या पंगतीतही वाट्या मोजत असणार.

भाऊ_तिरके
३ ऑगस्ट, ५:२०

बर्लिनबद्दल थोडं. तिथे जावं की जाऊ नये यावर त्या वेळी ज्यू खेळाडूंमध्ये खूप वाद होता, आणि दोन्ही बाजूंना मोल मोजावं लागलं. ऑस्ट्रियाची युडिट डॉइच नावाची पोहणारी मुलगी, व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबची, तिने जायला नकार दिला. तिच्याच देशाच्या संघटनेने तिच्यावर बंदी घातली आणि विक्रम पुसून टाकले. ते परत लावायला १९९५ साल उजाडलं. नाकाश गेला आणि जर्मनीच्या पुढे राहिला. कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही. सातवी_लेन बाईंनी ते ठरवायचा प्रयत्न केला नाही, ते बरं वाटलं.

व्हिशीत हा माणूस १९४१-४२ मध्ये पोहू कसा शकला, हा प्रश्न काहींना पडला असेल. तिथला क्रीडा आयुक्त होता जां बोरोत्रा, टेनिसवाला, दोन वेळचा विम्बल्डन विजेता. विक्रम करणारे खेळाडू दाखवायला त्याला हवे होते, आणि नाकाशला त्याने उत्तर आफ्रिकेच्या दौऱ्यावरही नेलं होतं. एप्रिल १९४२ ला बोरोत्रा गेला, मग फास आवळत गेला. सरकारला ज्यू नको होते, पदकं हवी होती. ही दोन्ही कामं जोवर एकत्र चालली तोवर चालली.

सातवी_लेन
३ ऑगस्ट, रात्री १०:१५

हो, आले.

मोनोवित्झमध्ये त्याला छावणीच्या दवाखान्यात काम मिळालं. रोबेर वेट्झ नावाचे कैदी डॉक्टर तिथे होते. दवाखान्यात काम म्हणजे डोक्यावर छप्पर आणि थोडी कमी थंडी. यामुळे तो टिकला असं म्हणायला जागा आहे.

पहारेकऱ्यांना कळलं होतं की हा प्रसिद्ध पोहणारा आहे. मग करमणूक सुरू झाली. आग विझवण्यासाठी साठवलेल्या गढूळ पाण्याच्या हौदात किल्ल्या वगैरे वस्तू फेकायच्या आणि त्याला बुडी मारून आणायला लावायचं. कुत्र्याला काठी आण म्हणतात तसं.

आणि याच हौदाची दुसरी गोष्ट आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात, रविवारी, पहारा ढिला असला की नाकाश आणि नोआ क्लीगर नावाचा एक पोरसवदा कैदी चोरून त्या पाण्यात उतरायचे आणि पोहायचे. सापडले असते तर संपले असते. क्लीगर वाचला, पुढे इस्रायलमध्ये क्रीडा पत्रकार झाला, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

तासभर मी या एका वाक्यावर अडकले होते. अर्धपोटी माणूस ताकद वाचवतो. थंडी, काम, मार, सगळ्यातून वाचलेली मूठभर ताकद हा रविवारी पोहण्यात घालवत होता. मला वाटतं त्याला तो हौद आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या मर्जीने वापरायचा होता. हा माझा अंदाज. तो स्वतः याबद्दल काय म्हणाला असता कोण जाणे.

जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी केली. बर्फातून चालवत नेलं. पोचला बुखेनवाल्डला, ११ एप्रिलला ती छावणी मुक्त झाली. तुलूझला परतला तेव्हा हाडांचा सापळा. आणि गावाने तो मेला असं धरून नगरपालिकेच्या तलावाला त्याचं नाव देऊन टाकलं होतं.

आपल्याच स्मारकात पोहायला जाणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही.

भाऊ_तिरके
३ ऑगस्ट, रात्री ११:०२

मोनोवित्झमध्ये त्याच काळात व्हिक्टर पेरेझही होता, ट्यूनिसचा ज्यू बॉक्सर, १९३१ चा फ्लायवेट जगज्जेता. त्याला पहारेकऱ्यांच्या मनोरंजनासाठी झुंजी लढाव्या लागल्या. म्हणजे दोन उत्तर आफ्रिकी ज्यू खेळाडू, दोघेही आपापल्या खेळात जगात पहिले, एकाच तारेच्या कुंपणात. पेरेझ त्या जानेवारीतल्या चालीत गोळी लागून मेला.

ठोंब्या
४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

काल रात्री वाचून गप्प झोपलो. आज एक प्रश्न: त्याला पकडून दिलं कोणी?

आकडेमोड
४ ऑगस्ट, ९:१०

संशय आहे, पुरावा नाही. झाक कार्तोने हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. ब्रेस्टस्ट्रोकचाच, त्याच्याही नावावर एके काळी २०० मीटरचा जागतिक विक्रम होता. तो व्हिशीच्या बाजूचा पत्रकार झाला, ज्यूंविरुद्ध लिहायचा, पुढे मिलीस या निमलष्करी टोळीत गेला. त्यानेच नाव दिलं असं अनेकांनी म्हटलं, सिद्ध झालं नाही. तेव्हा "संशय" इथेच थांबावं.

शेजारच्या लेनमधला माणूस. एवढंच म्हणतो.

आणि हो, आज ४ ऑगस्ट. १९८३ मध्ये आजच्या दिवशी नाकाश गेला. सातवी_लेन यांनी मुद्दाम जुळवून आणलं की काय?

सातवी_लेन
४ ऑगस्ट, ९:२६

नाही हो! मला तारीख आत्ता तुमच्याकडून कळतेय. मार्शांच्या फायनल बुधवारी झाल्या म्हणून धागा शनिवारी. आज अंगावर काटा.

व्यवस्थापन
४ ऑगस्ट, दुपारी १२:००

पश्चिम आशियातल्या सध्याच्या युद्धावरचे चार प्रतिसाद इथून हलवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा चालू आहे. या धाग्याचं काश्मीर (विषयाबाहेरचा वाद) करू नये ही विनंती.

गारोनकाठी
४ ऑगस्ट, दुपारी ३:५५

इतकी वर्षं फक्त वाचनमात्र आहे, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी तुलूझमध्ये राहतो. विमानांच्या धंद्यात आहे (इथे आलेले निम्मे मराठी लोक त्याच धंद्यात असतात). आणि गेली सहा वर्षं मुलीला घेऊन 'पिसीन नाकाश'ला जातो.

सहा वर्षं! आमच्या घरात ते एक क्रियापद झालंय. "आज नाकाशला जायचं का?" म्हणजे पोहायला जायचं का. तिकीट काढताना, टोपी विसरल्यावर चिडताना, बसस्टॉपवर, रोज तोंडात नाव. हा माणूस कोण हे मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं कोणी जुना महापौर असेल.

हे ठिकाण गारोन नदीतल्या रामिये बेटावर आहे, फुटबॉलच्या स्टेडियमजवळ. १९३० च्या दशकातलं बांधकाम. उन्हाळ्यात उघडणारा बाहेरचा तलाव इतका लांबरुंद आहे की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या गावचं धरण आठवलं. ऑगस्टमध्ये पोहायला जागा मिळत नाही, नुसतं उभं राहायचं पाण्यात.

मार्शांचं म्हणाल तर गाव वेडं झालंय. बेकरीवालीसुद्धा सेकंदांत बोलते. आज संध्याकाळी मुलीला हा धागा वाचून दाखवणार आहे, मराठी तिला वाचता येत नाही पण कळतं. आनीचं कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

मृद्गंधा
४ ऑगस्ट, ४:२०

किती वर्षांची आहे मुलगी? दहाच्या पुढे असेल तर सांगाच, तिथल्या शाळेतही कधीतरी येईलच. तुमच्या तोंडून आधी आलेलं बरं.

ठोंब्या
४ ऑगस्ट, ४:३३

गारोनकाठी, अवांतर: फ्रान्सच्या तलावात बर्मुडा चालत नाही म्हणतात ते खरं का? मेव्हणा जाऊन आला, सांगत होता की त्याला दारातच अडवलं.

गारोनकाठी
४ ऑगस्ट, ४:५०

@मृद्गंधा, अकरा पूर्ण. बरोबर आहे तुमचं.

@ठोंब्या, शंभर टक्के खरं. सार्वजनिक तलावांत अंगाला चिकटलेली आखूड चड्डीच लागते, वर टोपी. बर्मुडा घालून तुम्ही रस्त्यावरही फिरता, म्हणून ती अस्वच्छ, असा हिशेब. मेव्हण्याला सांगा, बाहेर यंत्रात चड्डी विकत मिळते. पहिल्या वर्षी मीही तिथूनच घेतली होती आणि दिवसभर टॉवेल सोडला नव्हता.

आकडेमोड
५ ऑगस्ट, सकाळी ८:४५

काल रात्रीची ४x१०० मेडली रिले (चौघांनी चार वेगळ्या प्रकारांनी पोहायची) पाहिली का कोणी? चीनला सुवर्ण, अमेरिकेला रौप्य, फ्रान्सला कांस्य. मार्शां ब्रेस्टचा टप्पा पोहला, शेवटचा फ्रीस्टाइल टप्पा फ्लोरां मानोदूने नेला.

आता धाग्याशी जोडतो. तुलूझला परतल्यावर नाकाश पुन्हा पाण्यात उतरला. ८ ऑगस्ट १९४६ ला मार्सेयला फ्रान्सने ३x१०० मेडली रिलेचा जागतिक विक्रम केला: जॉर्ज व्हालरे बॅकस्ट्रोक, नाकाश, आणि आलेक्स जानी फ्रीस्टाइल. चार नव्हे, तीन टप्पे. का? कारण बटरफ्लाय आणि ब्रेस्ट तेव्हा एकच. काल जिथे मार्शां आणि पुढे फ्लायला माक्सिम ग्रुसे असे दोन जण लागले, त्या दोन्ही जागी तेव्हा एकटा नाकाश होता.

जानीही तोएकचाच, तुलूझचा पोरगा.

सातवी_लेन
५ ऑगस्ट, १०:०५

आकडेमोड, हे मी लिहिणार होते आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. एक तारीख फक्त पुन्हा वाचा सगळ्यांनी. बुखेनवाल्डमधून सुटका एप्रिल १९४५, जागतिक विक्रम ऑगस्ट १९४६. सोळा महिने. गुडघ्याच्या साध्या दुखण्यानंतर मला परत लेनमध्ये उतरायला नऊ महिने लागले होते आणि त्याचं केवढं कौतुक करून घेतलं मी.

मग १९४८, लंडन ऑलिंपिक. बत्तीसाव्या वर्षी तो २०० ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उतरला आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला. फायनल नाही. नोंदवहीत बघाल तर ऑलिंपिकमध्ये दोन वेळा सहभाग, एक चौथा क्रमांक, एक उपांत्य फेरी. पदकांचा रकाना कोरा. मार्शांची याच आठवड्यात चार सुवर्णं आणि एक कांस्य झालं. मला दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघायला आवडतात, का ते नीट सांगता येत नाही.

भाऊ_तिरके
५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

रकान्यांचं सोडा. १९३६ चं बर्लिन आणि १९४८ चं लंडन, मधल्या बारा वर्षांत ऑलिंपिक झालंच नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं, चोवीस ते तीस, ही नेमकी तीच. १९४० आणि ४४ ला स्पर्धा झाल्या असत्या तर जागतिक विक्रम असलेला माणूस काय करता हे सांगायला ज्योतिषी नको. अर्थात यात तो एकटा नाही, जगभरची एक पिढीच्या पिढी अशी गेली. पण बाकीच्यांना परत आल्यावर घरी कोणीतरी होतं.

मृद्गंधा
५ ऑगस्ट, १:१५

पुढे लग्न केलं का त्यांनी?

सातवी_लेन
५ ऑगस्ट, १:४०

हो, दुसरं लग्न झालं. शिकवत राहिला, काही काळ हिंदी महासागरातल्या रेउनियों बेटावरही होता. निवृत्तीनंतर दक्षिणेच्या किनाऱ्यावर. ४ ऑगस्ट १९८३ ला स्पेनच्या सीमेवरच्या सेर्बेर गावी बंदरात पोहत असताना हृदयविकाराचा झटका आला. वय ६७. सेत गावी त्याला पुरलं. २०१९ मध्ये जागतिक जलतरणाच्या मानदालनात (हॉल ऑफ फेममध्ये) नाव घेतलं, मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी.

ठोंब्या
५ ऑगस्ट, २:००

पाण्याला घाबरणारा पोरगा पाण्यातच गेला. काही लिहायला सुचत नाही, आज विनोद नाही.

आकडेमोड
१२ ऑगस्ट, सकाळी ९:२०

धागा वर काढतो. काल रात्रीच्या समारोपात मार्शां त्युइलरी बागेतून ज्योतीचा कंदील घेऊन निघाला. सूट घातलेला, चेहऱ्यावर 'मला इथे का आणलंय' असे भाव. पाण्याबाहेर हा मुलगा अगदी बँकेत नव्याने लागलेला कारकून दिसतो.

गारोनकाठी, मुलीला सांगितलंत का?

गारोनकाठी
१२ ऑगस्ट, दुपारी ४:१०

सांगितलं. रडली नाही. तिने विचारलं, "रविवारी ते पोहायचे तेव्हा कोण पहिलं यायचं?" मी म्हटलं माहीत नाही. ती म्हणाली नाकाशच, पण त्याने त्या मुलाला कधीतरी जिंकू दिलं असेल.

गुरुवारी १५ ऑगस्ट, इथेही सुट्टी असते, मेरीमातेच्या सणाची. गाडीने नार्बोन, पेर्पिन्यां करत सेर्बेरला जायचं ठरवलंय. बायको म्हणते आहे की उन्हात मरणार आपण. बघू.

गारोनकाठी
१६ ऑगस्ट, सकाळी ११:३०

जाऊन आलो. सेर्बेर म्हणजे डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यात चिमटीत धरलेलं गाव. स्टेशन गावापेक्षा मोठं आहे, कारण इथे फ्रान्स संपतो आणि पुढे स्पेनचे रूळ वेगळ्या मापाचे. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे. पाय भाजतात.

दोघं पाण्यात उतरलो. पाणी स्वच्छ आणि ऑगस्ट असूनही गार. मुलीला बटरफ्लाय येत नाही, मला तर ब्रेस्टही धड येत नाही. तिने हात वरून आणि पाय बेडकासारखे असा प्रयोग केला, तुमच्या लेखात वाचलेला. पाच-सहा हात मारले आणि खारं पाणी नाकात गेल्यावर म्हणाली, "बाबा, हे कोणी दोनशे मीटर कसं करेल?"

फोटो रात्री टाकतो. सातवी_लेन ताई, तिचा एक प्रश्न तुमच्यासाठी आहे: हात वर आले की पाय खाली बुडतात, त्याला काय करायचं?

सातवी_लेन
१६ ऑगस्ट, दुपारी १२:१०

तिला सांग, हात वर काढायच्या आधी लाथ पूर्ण होऊ दे. घाई करते आहे ती. लाथ संपली, पाय जुळले, मग हात. आणि डोकं हातांच्या आधी पाण्यात गेलं पाहिजे. नाकाशच्या बाहेरच्या तलावात उथळ बाजूला दहा मीटर करून बघ म्हणावं, समुद्रात नको.